आधी आई मैदानात उतरली

आमच्या सांगोल्यात टेनिस म्हटलं की पोरांना चेंडू आठवतो, खेळ नाही. गल्लीत, ओढ्याकाठी, मोकळ्या रानात जे क्रिकेटचे सामने होतात ते टेनिस बॉलवर, म्हणून त्याला टेनिस म्हणायचं. जाळी बांधलेलं कोर्ट, पांढऱ्या रेघा, हातात रॅकेट हे सगळं टीव्हीवर. त्यामुळे या वेळी टेनिस खेळणाऱ्या एका बाईवर लिहिणार म्हटल्यावर घरातच सगळ्यांनी माझ्याकडे विचित्र नजरेनं पाहिलं. सासूबाईंनी तर सरळ विचारलं, की ती कोण कुठली आणि तिचा आपल्याशी काय संबंध.

संबंध आहे, मैत्रिणींनो. गेल्या महिन्यात आमच्या बचत गटाची बैठक संपल्यावर गटातली एक जण हळूच मागे थांबली. तिची मुलगी नववीत आहे, खो-खो उत्तम खेळते. खांबावर असा सूर मारते की पाहणाऱ्याच्या काळजाचा ठोका चुकावा. आईला एवढंच सांगायचं होतं, की आता पोरीचा खेळ बंद केलाय. का, तर मोठी झाली. ‘मोठी झाली’ या दोन शब्दांत आपल्याकडे काय काय बसतं ते मी तुम्हाला सांगायला नको. महिन्याची अडचण, चड्डी-टीशर्ट घालून पळणं, सामन्यासाठी परगावी मुक्काम, पाहुण्यांच्या जिभा आणि शेवटी एखादं चालून आलेलं स्थळ. मी बोलले थोडंफार, पण माझ्याकडेही तिला पटेल असं काही नव्हतं. घरी आले आणि लीला राव आठवली.

लीला राव म्हणजे विंबल्डनवर सामना जिंकणारी पहिली भारतीय स्त्री. साल १९३४. आपल्या आज्या-पणज्या तेव्हा जात्यावर दळत होत्या आणि नऊवारीचा पदर सावरत विहिरीचं पाणी शेंदत होत्या. त्याच जून महिन्यात मुंबईची एक बावीस वर्षांची मुलगी लंडनच्या हिरवळीवर एका इंग्रज खेळाडूला हरवत होती. सानिया मिर्झा सगळ्यांना ठाऊक आहे, असायलाच हवी. २००५ मध्ये तिनं विंबल्डनचा आपला पहिला सामना जिंकला तेव्हा घराघरात टाळ्या पडल्या. त्याच वर्षी तिच्या स्कर्टवरून केवढा गदारोळ झाला तेही आपण पाहिलं. पण तिच्या सत्तर वर्षं आधी त्या गवतावर जिंकलेली मुलगी आपल्या मराठी मुलखातली होती, हे आपल्या किती मुलींना माहीत आहे? माझ्या शाळेच्या पुस्तकात तर तिचं नाव कधी आलं नाही.

हिची गोष्ट मात्र रॅकेटपासून सुरू होत नाही. ती सुरू होते तुकोबांच्या गाथेपासून. सासूबाईंना मी इथूनच सांगायला सुरुवात केली आणि त्या लगेच सरसावून बसल्या.

लीलाच्या आईचे वडील म्हणजे शंकर पांडुरंग पंडित. मूळ गाव सिंधुदुर्गातलं बांबुळी. संस्कृतचे मोठे पंडित, मुंबई सरकारचे भाषांतरकार. अथर्ववेदाची चिकित्सक आवृत्ती त्यांनी तयार केली. ‘वेदार्थयत्न’ नावाचं मासिक काढून ऋग्वेदाचं मराठी आणि इंग्रजी भाषांतर छापायला घेतलं. पोरबंदर संस्थानचा कारभार पाहत असताना स्वामी विवेकानंद त्यांच्या घरी मुक्कामाला होते. पण आपल्याला जवळचं वाटावं असं त्यांचं काम म्हणजे तुकारामांची गाथा. मुंबई सरकारनं त्या छपाईसाठी २४ हजार रुपये दिले होते, आणि त्या काळातले २४ हजार म्हणजे किती याचा हिशोब तुम्हीच करा. विधवाविवाहासाठी झटणारे विष्णुशास्त्री पंडित आणि हे शंकर पांडुरंग यांनी मिळून जुनी हस्तलिखितं ताडून पाहिली. त्यांत देहूची प्रत होती तशी आमच्या शेजारच्या पंढरपूरचीही होती. १८६९ मध्ये पहिला भाग आणि १८७३ मध्ये दुसरा भाग आला. आज घरोघरी ज्या छापील गाथा आहेत त्यांच्या मुळाशी ही मेहनत आहे.

अशा घरात ४ जुलै १८९० रोजी पुण्यात क्षमा जन्मली. पण वडिलांचं सुख तिला लाभलं नाही. १८९४ मध्ये शंकर पांडुरंग वारले तेव्हा ती चार वर्षांचीही नव्हती. एवढ्या मोठ्या विद्वानाची लेक, पण विद्या घरात आयती मिळाली नाही. राजकोटला काकांच्या आश्रयाला राहून ती वाढली. बाप नसलेली मुलगी दुसऱ्याच्या घरात कशी वाढते ते ज्यांनी पाहिलंय त्यांना वेगळं सांगायला नको. (याच पंडित घराण्यातले रणजित पंडित पुढे विजयालक्ष्मी नेहरूंचे पती झाले. म्हणजे नेहरूंच्या बहिणीचं ‘पंडित’ हे आडनाव मूळ आपल्या कोकणातलं.) क्षमा हट्टानं शिकली, कॉलेजात गेली. मग मुंबईचे प्रसिद्ध डॉक्टर राघवेंद्र राव यांच्याशी तिचं लग्न झालं. हे डॉक्टर जंतुशास्त्राचे अभ्यासक होते, कुष्ठरोगावर त्यांनी संशोधन केलं. घरात पैसा होता, मोकळेपणा होता, नवऱ्याची आडकाठी नव्हती. हे स्पष्ट लिहायला हवं, कारण नाहीतर आपण उगीचच म्हणतो की इच्छा असली की सगळं होतं. इच्छा आमच्या गटातल्या बायांनाही आहे.

पण पैसा आणि मोकळा नवरा त्या काळी मुंबईतल्या आणखीही पुष्कळ बायकांना होता. क्षमाबाईंनी त्या मोकळेपणाचं काय केलं ते पाहण्यासारखं आहे. त्यांनी दोन गोष्टी हातात घेतल्या. एक संस्कृत आणि दुसरी रॅकेट.

हो, रॅकेट. संस्कृतच्या अभ्यासकांना ‘पंडिता क्षमा राव’ म्हणून ठाऊक असलेली ही कवयित्री टेनिसची नामांकित खेळाडू होती, स्पर्धा जिंकणारी. लग्न झालेली, घर-संसार असलेली बाई संध्याकाळी कोर्टावर उतरायची. आपल्याकडे खेळाच्या बाबतीत आई काय करते? डबा देते, पाण्याची बाटली भरते, कपडे धुते आणि लवकर घरी ये म्हणून बजावते. मीही तेच केलं, माझ्या दोन्ही मुलांच्या बाबतीत. लीलानं मात्र आईला काठावर बसलेलं पाहिलं नाही, आत खेळताना पाहिलं. आईचा चुकलेला फटका, आईची दमछाक, आईला आलेला राग आणि जिंकल्यावरचा आईचा चेहरा. मला वाटतं लीलाच्या खेळाचा खरा पाया इथे आहे. मुलीला खेळायला परवानगी देणं आणि मुलीच्या देखत स्वतः खेळणं यात फार फरक आहे.

१९ डिसेंबर १९११ चा लीलाचा जन्म. ती मोठी होत होती तेव्हा मुंबईत टेनिस हा साहेबांचा आणि साहेबांबरोबर ऊठबस असलेल्यांचा खेळ होता. जिमखान्यांच्या हिरवळी, चहाचे टेबल, पांढरे कपडे. बायकांत पारशी आणि अँग्लो इंडियन पुढे. लेडी मेहरबाई टाटांचं नाव त्यात मोठं. त्या पारशी पद्धतीची साडी नेसूनच टेनिस खेळायच्या, आणि नुसत्या खेळायच्या नाहीत तर बक्षिसं पटकवायच्या. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकला मिश्र दुहेरीच्या यादीत त्यांचं नाव होतं. जेनी सँडिसन ही अँग्लो इंडियन खेळाडू तर लीलाच्या आधीची देशातली सर्वांत बलाढ्य खेळाडू. ती विंबल्डनलाही खेळून आली, पण तिथे सामना जिंकणं तिच्या नशिबी नव्हतं. अशा मंडळींच्या मैदानात ही संस्कृत पंडितांच्या घरातली मुलगी उतरली.

१९३१ मध्ये तिनं अखिल भारतीय स्पर्धेत महिला एकेरीचं विजेतेपद मिळवलं. अंतिम सामन्यात लीना मॅकेना हरली. लीला तेव्हा विशीच्या उंबरठ्यावर. पुढे चाळीसच्या दशकापर्यंत हे विजेतेपद तिनं एकूण सात वेळा मिळवलं. एकदा जिंकणं म्हणजे दैवाची साथ असू शकते. सात वेळा जिंकायला वर्षानुवर्षं रोज उठून मैदानावर जावं लागतं, पावसाळ्यातही आणि मन नसतानाही.

या सगळ्यातून पैसे किती मिळाले असतील? काहीच नाही. हे नव्या वाचकांना चमत्कारिक वाटेल. आज टेनिस खेळाडू म्हटलं की कोट्यवधींची बक्षिसं आणि जाहिराती. त्या काळी विंबल्डन फक्त हौशी खेळाडूंसाठी होतं. खेळून पैसे घेतले की तो धंदेवाईक झाला आणि मोठ्या स्पर्धांची दारं त्याला बंद. फ्रान्सची सुझान लेंग्लेन, त्या काळची जगातली सर्वांत गाजलेली खेळाडू, १९२६ मध्ये पैसे घेऊन दौऱ्यावर गेली आणि विंबल्डनला कायमची मुकली. धंदेवाईक आणि हौशी यांच्यातली ही भिंत पडली ती थेट १९६८ मध्ये. म्हणजे लीला रावची सगळी कारकीर्द बिनपगारी. घरचं खाऊन. ऐपत असलेल्यांनाच परवडणारी ही गोष्ट होती, आणि असंख्य गुणी पोरी निव्वळ या एका नियमापायी मैदानाबाहेर राहिल्या असणार. हौशी हा शब्द मोठा सोज्वळ वाटतो, पण तो गरिबाला दारात अडवणारा शब्द होता.

आता मला सगळ्यांत चक्रावून टाकणारी गोष्ट सांगते. लीला विजेतेपदं मिळवत होती त्याच दिवसांत आई काय करत होती? क्षमाबाई गांधीजींच्या प्रभावाखाली आल्या होत्या. मिठाच्या सत्याग्रहानं सगळा देश पेटला होता. क्षमाबाईंनी त्या लढ्यावर संस्कृतमध्ये काव्य रचलं, ‘सत्याग्रहगीता’. भगवद्गीतेसारखेच अठरा अध्याय, तोच साधा अनुष्टुभ छंद. पण त्यात रणभूमीवरचा अर्जुन नाही, तर काठ्या खाणारे सत्याग्रही आहेत, गांधी आहेत. इंग्रजांच्या राज्यात हे छापणार कोण? म्हणून ते १९३२ मध्ये पॅरिसला छापलं गेलं.

आणि दोनच वर्षांनी त्याच बाईची लेक इंग्रजांच्या राजधानीत, ऑल इंग्लंड नाव असलेल्या क्लबाच्या हिरवळीवर खेळायला उभी राहिली.

मी या दोन गोष्टी बराच वेळ डोक्यात घोळवल्या. आधी वाटलं हा दुटप्पीपणा झाला. घरात सरकारविरुद्ध काव्य आणि बाहेर सरकारच्या लोकांचा खेळ. मग वाटलं, तसं नसावं. ज्यांचं राज्य नको त्यांच्याशी बरोबरीनं उभं राहून खेळायचं, त्यांच्याच नियमानं, त्यांच्याच गवतावर, हेही एक प्रकारचं उत्तरच आहे. क्षमाबाईंच्या मनात नेमकं काय होतं ते मी माझ्या पदरचं सांगणार नाही. पण त्यांनी लेकीला मागे ओढलं नाही एवढं उघड आहे.

मुंबईहून विलायत म्हणजे तेव्हा बोटीचा दोन-तीन आठवड्यांचा प्रवास. तिकडची हवा गार, गवत ओलसर. गवतावर चेंडू कमी उसळतो आणि सरकतो जास्त, त्यामुळे नवख्या खेळाडूची फटक्याची वेळच चुकते. पहिल्या फेरीत लीलाची गाठ पडली ग्लॅडिस साउथवेल या इंग्लिश खेळाडूशी. सामना तिच्या घरचा, गवत तिच्या सवयीचं.

पहिला सेट लीला ४-६ असा हरली.

टेनिस न पाहणाऱ्या मैत्रिणींसाठी थोडं सांगते. बायकांच्या सामन्यात तीन सेट असतात, दोन जिंकणारी पुढे जाते. आधी सहा गेम घेईल तिचा सेट, पण समोरचीपेक्षा दोन गेम जास्त हवेत. पाच-पाच झाले की खेळ लांबतो. आता सहा-सहा झाले की टायब्रेकर खेळवून निकाल लावतात. विंबल्डनवर ती सोय १९७१ मध्ये आली. त्याआधी दोनचा फरक पडेपर्यंत खेळतच राहायचं, कितीही वेळ लागो.

लीलाचा दुसरा सेट असाच लांबला. पाच-पाच झाले, सहा-सहा झाले, सात-सात, आठ-आठ. एक सेट आधीच गेलेला. म्हणजे इथे दोन गेम लागोपाठ गेले की सामना संपला, सामान बांधा आणि घरी चला. साउथवेलला चूक परवडत होती, कारण तिच्या हाताशी आणखी एक सेट होता. लीलाला परवडत नव्हती. शेवटी तिनं दोन गेम सलग घेतले आणि सेट १०-८ असा जिंकला. अठरा गेमचा एकच सेट! तिथे समोरची मोडली असणार, कारण तिसरा सेट लीलानं ६-२ असा सहज घेतला. ४-६, १०-८, ६-२. कोणत्याही भारतीय स्त्रीचा विंबल्डनवरचा हा पहिला विजय.

मला तो तिसरा सेट नाही, तो मधला सेट पुन्हा पुन्हा आठवतो. बरोबरी, बरोबरी, बरोबरी. आपल्या बायकांची निम्मी आयुष्यं त्या आठ-आठच्या आसपास चाललेली असतात, नाही का? जिंकलेलं काही दिसत नाही, पण हरूनही चालत नाही.

पुढच्या फेरीत फ्रान्सच्या इडा अॅडमॉफनं तिला हरवलं आणि त्या वर्षीची लढाई तिथे थांबली. त्या साली पुरुषांत फ्रेड पेरी आणि बायकांत डोरोथी राउंड, दोघंही इंग्रज, विजेते झाले. साहेब मंडळी खुशीत. दुसऱ्या फेरीत हरलेल्या हिंदी मुलीची आठवण कोण ठेवणार? १९३५ मध्ये लीला पुन्हा गेली, पण पहिल्याच फेरीत एव्हलिन डिअरमनकडून हरली. विंबल्डनवरचा एकेरीतला तिचा एवढाच एक विजय. जगाच्या हिशोबात फार मोठा आकडा नाही, आणि तो फुगवून सांगायचं मला कारणही वाटत नाही. दार उघडणाऱ्याला आत जाऊन गादीवर बसायला मिळतंच असं नाही.

परत येऊन ती खेळतच राहिली, देशातली विजेतेपदं मिळवतच राहिली. आणि इथे मला तिच्या आयुष्यातला खरा विक्रम दिसतो. तो कुठल्याही क्रीडाकोशात नोंदवलेला नाही. लीलाचं लग्न झालं १९४३ मध्ये. वय वर्षं एकतीस.

जरा थांबून विचार करा. शारदा कायदा १९२९ चा. तो अमलात आला १९३० मध्ये, आणि त्यानं मुलीच्या लग्नाचं किमान वय ठरवलं चौदा. त्या चौदासाठीसुद्धा देशभर आरडाओरडा झाला, धर्म बुडाला म्हणून. तो गोंधळ चालला असताना लीला अठरा वर्षांची होती आणि टेनिस खेळत होती. मग वीस झाली, पंचवीस झाली, अठ्ठावीस झाली. प्रत्येक वर्षी कुणी ना कुणी आईला टोचलं नसेल असं मला वाटत नाही. मुंबई झाली म्हणून काय झालं, माणसं तीच. आणि आई कोण होती? ‘बालविधवा’ नावाची कथा संस्कृतमध्ये लिहिणारी. देवभाषेत, ज्या भाषेतल्या वचनांचा आधार घेऊन शास्त्री लोक पोरींची लग्नं आठव्या वर्षी लावायचे, त्याच भाषेत तिनं त्या पोरींचं दुःख मांडलं. लिहिणाऱ्या बाया पुष्कळ असतात. लिहिलेलं स्वतःच्या घरात पाळणाऱ्या थोड्या. आमच्या तालुक्यात आजही सतराव्या वर्षी पोरीचं लग्न गुपचूप उरकलं जातं आणि जन्मतारखेचा दाखला मागायला गेलं की आम्हालाच वाईट ठरवतात. त्यामुळे हे एकतीसचं वय माझ्या लेखी सात विजेतेपदांहून मोठं आहे.

नवरा मिळाला हरीश्वर दयाल, आयसीएस अधिकारी. स्वातंत्र्यानंतर ते परराष्ट्र सेवेत गेले. गंगटोकला सिक्कीमचे राजकीय अधिकारी, मग वॉशिंग्टनचा दूतावास, आणि १९६० नंतर नेपाळमध्ये राजदूत. अधिकाऱ्याच्या बायकोचं आयुष्य म्हणजे पार्ट्या, पाहुणे आणि दर दोन-तीन वर्षांनी बिऱ्हाड हलवणं. टेनिस सुटलंच. पण लीलाबाई हात बांधून बसणाऱ्यांतल्या नव्हत्या. नृत्याचा त्यांनी मनापासून अभ्यास केला आणि १९४८ मध्ये ‘नृत्तमंजरी’ हे पुस्तक लिहिलं. पायांची चपळाई आधी कोर्टावर कामाला आली, मग दुसऱ्यांच्या पायांचा ताल समजून घ्यायला. नवऱ्याबरोबर त्या हिमालय भटकल्या, दोघांनाही डोंगरांचं वेड. त्या डोंगरांतच त्यांचं मोठं दुःखही होतं. १९६४ च्या मे महिन्यात एव्हरेस्टच्या वाटेवरच्या खुंबू भागात भटकंतीवर असताना दयालसाहेब वारले. त्यांनी अजून पन्नाशीही गाठली नव्हती.

आई त्याच्या दहा वर्षं आधी, २२ एप्रिल १९५४ ला गेली होती. शेवटच्या वर्षांत क्षमाबाईंनी संतांची चरित्रं संस्कृतमध्ये लिहिली. १९५० मध्ये ‘तुकारामचरित’ आलं, १९५३ मध्ये ‘रामदासचरित’, शिवाय ‘ज्ञानेश्वरचरित’. वडिलांचं चरित्र ‘शंकरजीवनाख्यान’ तर त्यांनी आधीच, १९३९ मध्ये लिहून ठेवलं होतं. चार वर्षांचीही नसताना गमावलेल्या बापाचं चरित्र लेकीनं त्याच्याच विद्येत लिहावं, हे वाचताना मला भरून आलं.

आणि मग लीलाबाईंनी लेखणी उचलली, तीही संस्कृतचीच. आईच्या कथा आणि काव्यांवरून त्यांनी संस्कृत नाटकं लिहिली, एक-दोन नाही, पुष्कळ. ‘बालविधवा’चं नाटक केलं. ‘गणेशचतुर्थी’, ‘होलिकोत्सव’, ‘मीराचरित’ अशी त्यांची नावं. आणि ‘तुकारामचरित’सुद्धा. म्हणजे पाहा, आजोबांनी हस्तलिखितं जुळवून तुकोबांची गाथा छापली, आईनं तुकोबांवर संस्कृत काव्य रचलं आणि विंबल्डन खेळलेल्या नातीनं त्याचं नाटक केलं. तीन पिढ्या एकाच तुकोबांशी बांधलेल्या. सासूबाईंना हे सांगितलं तेव्हा त्यांनी एकच विचारलं, की मग ही चड्डी घालून खेळायची का? मला हसू आलं. म्हटलं ते काही मला ठाऊक नाही, पण गाथा मात्र त्यांच्या घरात होती. त्यांचा आक्षेप तिथेच मावळला. आषाढीला दारावरून दिंड्या जातात तेव्हा त्या वारकऱ्यांचे पाय चेपतात. तुकोबांच्या माणसांना त्या कधी नाव ठेवणार नाहीत.

आज लीलाबाई नाहीत. त्यांच्या नावाची मोठी स्पर्धा माझ्या पाहण्यात नाही, आणि खेळाच्या इतिहासात त्या एका ओळीत येतात आणि एका ओळीत जातात. संस्कृतवाल्यांना त्या नाटककार म्हणून माहीत, टेनिसवाल्यांना १९३४ च्या एका सामन्यापुरत्या. दोन्ही एकच बाई, हे जोडून सांगणारे थोडे.

परवा मी त्या खो-खोवाल्या मुलीच्या घरी गेले होते. हे सगळं तिच्या आईला सांगितलं, चहा होईपर्यंत. विंबल्डन, १०-८, पॅरिसला छापलेली गीता. ती ऐकत होती, पण भांडी घासत, पाठ माझ्याकडे करून. मला वाटलं, काही पोचत नाहीये. मग मी क्षमाबाईंचं सांगितलं, की ही आई स्वतः खेळायची, लग्नानंतर, लेक झाल्यावरही. तेव्हा तिचा हात थांबला. म्हणाली काही नाही. चहा गाळून दिल्यावर, अगदी सहज सांगावं तसं सांगितलं, की तीसुद्धा शाळेत असताना खो-खो खेळायची, पाटीवर बसायची, जिल्ह्याला गेली होती एकदा. नववीत असताना. मग लग्न झालं.

लेकीला हे माहीत नव्हतं. दाराआड उभी राहून ती ऐकत होती. तिनं आईकडे असं पाहिलं की जणू घरात कुणी नवीन माणूस आलंय.

लीलाचं लग्न किती वर्षांची असताना झालं, हे त्या आईनं निघताना पुन्हा एकदा विचारून घेतलं. मी एकतीस म्हटलं. पुढच्या शनिवारी पुन्हा बैठक आहे.